नाथांच्या ओसरीवर ख्रिस्ती लेखक

फाल्गुन वद्य षष्ठी जवळ आली की छत्रपती संभाजीनगराहून दक्षिणेकडे पैठणला जाणारा रस्ता दिंड्यांनी फुलून जातो. शके १५२१ मध्ये याच तिथीला श्रीएकनाथमहाराजांनी गोदावरीत जलसमाधी घेतली. जनार्दनस्वामींचा जन्म, त्यांना झालेले दत्तदर्शन, नाथांची व स्वामींची भेट आणि स्वामींचे निर्याण हे प्रसंगही परंपरेने याच तिथीचे मानले आहेत. म्हणून भाविक तिला पंचपर्वा षष्ठी म्हणतात. नाथांची भूतदया, त्यांची क्षमा, गाढवाला पाजलेले कावडीचे गंगाजल हे सारे आपल्या घरांतून मुलाबाळांना पाठ असते. परंतु नाथ हे आयुष्यभर नेमाने लिहिणारे लेखक होते, ही गोष्ट आपण सहसा मनात आणीत नाही. आज नाथांच्या त्या लेखणीविषयी, आणि भक्तीचे काही लिहू इच्छिणाऱ्या नवोदितांविषयी, चार शब्द लिहावेत असे आम्ही योजिले आहे.

हे नवोदित कोण? उत्सवाच्या स्मरणिकांसाठी अभंग रचणारी मुले-मुली आपल्या वाचकांच्या घरी आहेतच. पण आमच्या मनात आज विशेषेकरून दुसरी काही मंडळी आहेत. मराठवाड्यात ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी गेल्याच्या मागील शतकात जालन्याजवळ वसविलेली बेथेल वसाहत जुन्या माणसांना ठाऊक असेल. या घरांतील तरुणांपैकी कोणाला आपल्या प्रभूविषयी मराठीत लिहावेसे वाटले, तर त्याच्यापुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. ओवी, अभंग, कीर्तन ही माझी आहेत काय? मी ती हाती घेतली तर शेजारी उसनी म्हणतील, आणि नाही घेतली तर माझे लिहिणे भाषांतरासारखे कोरडे होईल. हा प्रश्न खरा आहे. त्याचे उत्तर नाथांच्या ओसरीवर बसून द्यावे यात आम्हांस काही विपरीत वाटत नाही. ती ओसरी कोणाला वर्ज्य नव्हती.

प्रथम देवगिरीच्या किल्ल्यावर जाऊ. जनार्दनस्वामी तेथे किल्लेदार होते आणि नाथ त्यांच्या सेवेत राहून हिशेबाचे काम पाहत. एका पैची चूक सापडेना म्हणून ते रात्रभर दिव्याशी बसले, आणि पहाटे ती सापडताच त्यांनी आनंदाने टाळी वाजविली, ही आख्यायिका प्रसिद्धच आहे. (पै हे नाणे कदाचित पुढील काळातले असेल, पण घरोघर गोष्ट सांगतात ती अशीच.) एका पैची चूक सापडल्याचा एवढा आनंद, तर संसाराची चूक सापडली तर केवढा, असे स्वामी म्हणाले, आणि गोष्ट तेथून अध्यात्माकडे वळते. आम्हांस मात्र लेखकाने थोडा वेळ त्या दिव्याशीच थांबावे असे वाटते. ज्याला एका पैचे चुकणे झोपू देत नाही, त्याच्या हाती ग्रंथ सुरक्षित राहतो. पुढे शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ साली, याच माणसाने ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. मधल्या जवळजवळ तीनशे वर्षांत नकलाकारांच्या हातून तीत अपपाठ शिरले होते. नाथांनी प्रती पडताळल्या, पाठ शोधिले आणि शेवटी ताकीद दिली की या ग्रंथात जो कोणी स्वतःची ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात करवंटी ठेविली असे समजावे. स्वतः हजारो ओव्या लिहिणाऱ्या कवीने दुसऱ्याच्या ग्रंथात आपली एकही ओवी न मिसळण्याचा हा संयम विलक्षण आहे.

नवोदितांना आमचे पहिले सांगणे यातूनच निघते. मूळ ग्रंथाशी इमान राखा. संतवचन आठवणीवर भरवसून लिहू नका. गाथा उघडा, ओवी पहा, अध्याय पहा, मग लिहा. आजकाल हातातल्या फोनवर कोणाच्याही नावाचा अभंग फिरत येतो. त्यात शेवटी 'तुका म्हणे' असले म्हणून तो तुकोबांचा ठरत नाही. ख्रिस्ती लेखकाच्या बाबतीत हाच नियम त्याच्या शास्त्राला लागू आहे, आणि तो कसा पाळावा याचा आदर्श पंडिता रमाबाईंनी घालून दिला आहे. केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले, ते इंग्रजीवरून नव्हे. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकल्या. संस्कृतच्या त्या गाढ्या पंडित होत्या; तरी भाषा ठेवायची ती खेड्यातल्या बाईला कळेल अशी, हा त्यांचा कटाक्ष. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले तोपर्यंत त्यांचे काम पुरे होत आले होते, आणि १९२४ साली ते छापून निघाले. छापखान्यात खिळे जुळविणाऱ्या स्त्रियाही मुक्तिसदनातल्याच होत्या.

आता भाषेकडे वळू. नाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावर टीका लिहावयास पैठणास आरंभ केला, आणि शके १४९५ च्या कार्तिकी पौर्णिमेस काशीत ती पूर्ण केली. प्राकृतात भागवत लिहिले म्हणून काशीच्या विद्वानांनी त्यांना जाब विचारला, आणि ग्रंथ ऐकून झाल्यावर त्याचीच मिरवणूक काढली, अशी परंपरा सांगते. देवाची गोष्ट घरच्या भाषेत सांगावी की नाही, हा वाद तेव्हा असा जिवंत होता.

याच सुमारास दूर दक्षिणेस काय घडत होते ते पाहण्याजोगे आहे. नाथ ज्ञानेश्वरीचे पाठ शोधीत होते त्याच्या पाच वर्षे आधी, १५७९ साली, थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज जेझुइट धर्मगुरू गोव्यात उतरला. पुढची चाळीस वर्षे, १६१९ मधील मृत्यूपर्यंत, तो बहुतांशी साष्टी भागातच राहिला. तेथे नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांपाशी आता कोणतीच पोथी उरली नव्हती. जुन्या पोथ्या पोर्तुगीज सत्तेने हिरावून घेतल्या होत्या. ही गोष्ट कटू आहे आणि ती लपविण्यात अर्थ नाही. स्टीफन्सच्या ग्रंथाच्या आरंभीच असा प्रसंग आहे की एक ब्राह्मण ख्रिस्ती त्याला विचारतो, तुम्ही आमची जुनी पुराणे सोडविली, मग त्यांच्याजागी तसेच काही का देत नाही? त्या एका प्रश्नातून 'ख्रिस्तपुराण' जन्मास आले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापला गेला. भाषा मात्र अस्सल मराठी, छंद ओवीचा, रचना पुराणाची. स्वर्गाला त्याने 'वैकुंठ' म्हटले. मराठीच्या थोरवीवर त्यातील ओव्या तर शाळेच्या पुस्तकांतून अनेकांना परिचित आहेत. पहिल्या छपाईची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १९०७ साली मंगळूर येथे सालढाणा यांनी ग्रंथ पुन्हा छापला, आणि देवनागरीत तो मराठी वाचकाच्या हाती आला तो शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली पुण्यात संपादिलेल्या प्रतीने.

जो नवोदित ख्रिस्ती लेखक 'ओवी माझी आहे काय' असे विचारतो, त्याला आम्ही हा दाखला देतो. नाथांच्या हयातीतच हजारो कोसांवरून आलेला एक परका मनुष्य साष्टीत बसून मराठीचा अभ्यास करीत होता, आणि पुढे त्याने त्याच छंदात ग्रंथ रचिला. मग याच मातीत वाढलेल्या, जात्यावरच्या ओव्या आजीच्या तोंडून ऐकलेल्या मुलाला ओवी परकी कशी? ती कोणाला कोणी उसनी देत नाही. ज्याला ती ऐकू येते, त्याची ती होते.

मात्र ऐकू येणे म्हणजे कान तयार असणे. येथे थोडे व्यवहाराचे बोलले पाहिजे. मोठ्या अभंगाचे चार चरण, पहिल्या तिहींत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चार, यमक दुसऱ्या-तिसऱ्याचे. लहान अभंगाचे दोन चरण आठ-आठ अक्षरांचे. ग्रंथातील ओवीला अक्षरांची मोकळीक असते. तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड, मोकळा. नियम एवढाच आहे आणि तो एका संध्याकाळी शिकता येतो. अंगी मुरावयास मात्र वर्षे लागतात. त्याला उपाय एकच: रोज मोठ्याने वाचणे. एकनाथी भागवताचा एक अध्याय घ्या, किंवा हरिपाठ घ्या, ख्रिस्तपुराण मिळाले तर तेही घ्या, आणि घरात कोणाला तरी ऐकू जाईल अशा आवाजात वाचा. मनातल्या मनात वाचणाऱ्याची ओवी कागदावर बरोबर दिसते आणि टाळावर अडखळते. आपले लिहिलेलेही तसेच वाचून पहावे. स्वयंपाकघरातून 'काय म्हणालात?' असा प्रश्न आला तर ती ओळ पुन्हा लिहावी.

नाथांची भारुडे हा याच कानाचा चमत्कार. वासुदेव, जोशी, भुत्या, गोंधळी, महार, पैठणच्या रस्त्यावर जे जे दिसले आणि जो जो बोलला, त्याची बोली त्यांनी उचलली. विंचू चावल्याची साधी ओरड त्यांच्या हाती वेदान्त झाली. भक्तीवर लिहू पाहणारे आमचे तरुण मित्र पुष्कळदा पहिल्याच ओळीत 'हे जगन्नियंत्या परमकृपाळू' असे सुरू करतात. आमची त्यांना विनंती आहे की महिनाभर तरी विशेषणे बाजूस ठेवावीत आणि आपल्या गल्लीतल्या एका माणसाचे बोलणे लिहून काढावे: भाजीवालीचे, रिक्षावाल्याचे, देवळापुढे किंवा चर्चच्या फाटकाशी फुले विकणाऱ्या म्हातारीचे.

नारायण वामन टिळकांना हे कळले होते. १८६१ साली कोकणात करजगाव येथे जन्मलेले हे चित्पावन ब्राह्मण कवी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस ख्रिस्ती झाले, आणि पुढे अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, ही त्यांची कर्मभूमी झाली. तेव्हा मराठी ख्रिस्ती उपासनेत परक्या चालींवर बसविलेली भाषांतरित गीते पुष्कळ असत. कृष्णा रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी कीर्तनाची वाट आधीच धरली होती. टिळकांनी ती राजरस्ता केली. त्यांची भजने, 'अभंगांजली'तील अभंग, त्यांची कीर्तने ऐकताना मराठी माणसाला परके वाटेनासे झाले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या चरणांशी पोहोचलो, अशा आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. त्यांच्या धर्मांतराविषयी आपल्या वाचकांच्या मनात जे काही असेल ते असो. अभंग धर्म बदलल्यावरही त्यांच्या जिभेवरून गेला नाही, हे मान्य करावेच लागते.

याउलट एक वाट अशी आहे की जिच्यावर नवोदितांनी पाऊल टाकू नये. गेल्याच्या मागील शतकात मिशनऱ्यांनी हिंदू देवतांची निंदा करणारी पुष्कळ चोपडी छापली आणि आपल्या पंडितांनी त्यांना तितक्याच त्वेषाने उत्तरे दिली. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी व पाद्री यांच्यात झालेला वादविवाद तर पुस्तकरूपाने छापला गेला. त्या काळी त्याला गर्दी लोटे. आज तो कोण वाचतो? इतिहासाचे अभ्यासक. त्याच वर्षी निघालेले बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' मात्र अजून नाव घेऊन सांगितले जाते, कारण विधवांच्या दुःखाकडे पाहून ते लिहिलेले आहे. त्यातही जेथे उपदेश डोके वर काढतो तेथे ते आज जड वाटते, असे आमचे मत आहे. नाथांनी 'हिंदू-तुर्क संवाद' लिहिला तो भांडणाने सुरू होतो आणि आलिंगनाने संपतो. दोघांनाही त्यांनी बोलू दिले आहे, दोघांचेही टोले ऐकविले आहेत. दुसऱ्याच्या देवाविषयी लिहिण्याची वेळ आलीच तर त्याच्या भक्ताने वाचले असता मान खाली घालावी लागणार नाही असे लिहावे. हिंदू लेखकांनाही आमचे सांगणे हेच आहे.

आधार कोठून घेतला ते सांगण्याची रीतही आपल्या परंपरेतलीच आहे. ताहराबादच्या महिपतींनी 'भक्तविजय' लिहिला तेव्हा उत्तरेचे नाभाजी आणि आपल्याकडील उद्धवचिद्‌घन यांच्या ग्रंथांवरून आपण लिहीत आहोत हे त्यांनी मोकळेपणे सांगितले. त्याच महिपतींच्या 'भक्तलीलामृता'तील नाथचरित्राचे इंग्रजी भाषांतर जस्टिन अ‍ॅबट या अमेरिकन मिशनऱ्याने १९२७ साली प्रसिद्ध केले. पैठणच्या संताची गोष्ट साता समुद्रांपलीकडे नेणारा हा मनुष्य ख्रिस्ती धर्मोपदेशक होता, याचे आम्हांस नेहमी कौतुक वाटते.

लिहिण्यासाठी वेळ कोठून आणावा, असे गृहिणी विशेषतः विचारतात. नाथ संसारी होते. पूजा, अतिथी, पुराण, कीर्तन हे सारे सांभाळून त्यांनी लिहिले. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी तर पासोडीवर, कापडावर, ग्रंथ लिहून ठेविला. साधन नाही म्हणून त्यांचे काही अडले नाही. पण आम्हांस या संदर्भात लक्ष्मीबाई टिळकांविषयी अधिक सांगावयाचे आहे. या बाईंना शाळा अशी नव्हतीच. अक्षरओळख झाली ती टिळकांकडून, आणि जोडाक्षरे त्यांना अखेरपर्यंत धड साधली नाहीत. पती ख्रिस्ती झाले तेव्हा त्या कडक सोवळ्यात होत्या. त्यांची ताटातूट झाली, दुःख भोगले, आणि पुढे पाच वर्षांनी त्यांनी स्वतःच्या विचाराने तोच धर्म स्वीकारला. त्या सगळ्याची हकीकत त्यांनी 'स्मृतिचित्रे' या ग्रंथात लिहिली आहे. त्यात आपल्या घरातील सोवळेओवळे, सासरे, देवदेव, उपासतापास हे असे आले आहे की सनातनी घरातील आजीबाईही हसत हसत वाचतात. कोणावर राग नाही, कोणाची थट्टा बोचरी नाही, आणि स्वतःच्या फजितीला तर पहिला मान. १९३४ पासून त्याचे भाग प्रसिद्ध झाले. मराठीतील पहिल्या पाच-सहा गद्य ग्रंथांत आम्ही त्याची गणना करू. भक्तिपर लेखन म्हणजे देवाच्या नावाने भरलेली पाने, असा ज्यांचा समज आहे त्यांनी हे पुस्तक आधी वाचावे. ज्यांना शुद्धलेखनाची धास्ती वाटून लेखणी उचलवत नाही, त्या भगिनींनी तर अवश्य वाचावे. शुद्धलेखन सुधारून देणारे मिळतात.

छापून कोठे येईल, हाही प्रश्न असतोच. १८४२ साली अहमदनगरला निघालेल्या 'ज्ञानोदया'पासून वसईच्या 'सुवार्ते'पर्यंत मराठी ख्रिस्ती नियतकालिकांची मोठी परंपरा आहे. 'सुवार्ते'चे संपादन करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, आणि जानेवारी २०२० मध्ये आपल्याच मराठवाड्यात, धाराशिव येथे, ते अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तेव्हा काही विरोधाचे सूर उमटले होते, तरी संमेलन पार पडले. जुलै २०२४ मध्ये ते निवर्तले. तेव्हा आपल्या समाजाच्या पत्रात लिहावेच. पण तेवढ्यावर थांबू नये. गावच्या दैनिकाला, दिवाळी अंकाला, मराठवाडा साहित्य परिषदेच्या 'प्रतिष्ठान'सारख्या वाङ्मयीन पत्रालाही पाठवावे. उत्सवाच्या पानासाठी लेख पाठवायचा तर उत्सवाच्या आदल्या आठवड्यात पाठवू नये. महिनाभर आधी द्यावा, कारण पान तेव्हाच आखले जाते. लेख लहान असावा. एका लेखात एकच गोष्ट असावी. आख्यायिका असेल तर 'अशी आख्यायिका आहे' असे म्हणावे, इतिहास असेल तर साल द्यावे. दोहोंची सरमिसळ झाली की जाणता वाचक आख्यायिकेवरही विश्वास ठेवीत नाही. लेख परत आला तर संपादकावर रुसू नये. तो पुन्हा मोठ्याने वाचावा.

आणि लिहिलेले जपून ठेवावे. नाथांचे 'भावार्थ रामायण' त्यांच्या हातून पुरे झाले नाही. युद्धकांडाच्या चव्वेचाळीस अध्यायांपर्यंत ते आले, आणि पुढचा भाग गावबा या त्यांच्या शिष्याने लिहून ग्रंथ तडीस नेला. घरच्यांच्या दृष्टीने तो पुरणपोळीसाठी हटून बसणारा मंदबुद्धीचा मुलगा होता, असे सांगतात. टिळकांनीही रामायणाच्या धर्तीवर 'ख्रिस्तायन' आरंभिले होते. १९१९ च्या मे महिन्यात ते गेले तेव्हा दहा-अकरा अध्यायच झाले होते. लक्ष्मीबाईंनी ते हस्तलिखित पुढे घेऊन आणखी चौसष्ट अध्याय लिहिले. १९३६ साली त्याही गेल्या, आणि १९३८ मध्ये ग्रंथ छापून निघाला. तेव्हा वही साधीच घ्यावी, पण बांधलेली घ्यावी. पानापानावर आकडा घालावा, तारीख घालावी, खोडलेली ओळही वाचता येईल अशी खोडावी, आणि वही कोठल्या फडताळात आहे ते घरात एकाला तरी सांगून ठेवावे.